मोएलांगीच्या घरातली चळत

मोएलांगी गेली त्याच्या आधीच्या रविवारी चर्चमधून परतताना तिनं मला एकच गोष्ट विचारली होती.

"फुआतिनो, तुझ्या नवऱ्याचा तो नवा नियम कधीपासून लागू म्हणे?"

"पुढच्या मयतापासून," मी म्हटलं.

"अरे देवा! मग मला थोडं थांबायला हवं," ती म्हणाली आणि इतकी हसली, इतकी हसली, की रस्त्याकडेच्या नारळाला धरून उभं राहावं लागलं तिला. तिच्याबरोबर मीही हसले. साठी उलटलेली बाई मरणाची थट्टा करते तेव्हा आपण हसतोच. त्यात पुन्हा मोएलांगी.

ती थांबली नाही. त्याच आठवड्यात एका सकाळी तिच्या घरातून चुलीचा धूर निघाला नाही. मी हाक मारत गेले, तर बाई चटईवर कुशीला वळून, हात गालाखाली घेऊन निजलेली. अंगाला हात लावला आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझाच होता हे मला मागाहून कळलं.

नियम काय होता ते सांगते. ते वर्ष सगळ्यांनाच वाईट होतं. साथीमुळे बेटावर येणारी विमानं बंद, समुद्रकाठच्या हॉटेलाला कुलूप, आणि तिथल्या होडीवर काम करणारा माझा नवरा तोव्हिया घरी. ऑकलंडला असलेले भाऊ, मुलं, मेहुणे दर महिन्याला काहीतरी पाठवत, त्यांचीही कामं गेली. तेव्हा गावसभेनं ठरवलं की आता साधं राहायचं. लग्नाला बँड नाही. नामकरणाला केक नाही. आणि आता शेवटी मयताची खोकी फिरवणंही बंद.

आमच्याकडे मयताच्या घरी कोणी मोकळ्या हातानं जात नाही. बारीक विणीची चटई न्यायची आणि डबाबंद मासळीचं एक अख्खं खोकं. अंगणात आउकुसो म्हातारा उभा राहून कुणी काय आणलं त्याचा पुकारा करतो. आवाज असा की लाटा फुटतात त्या खडकांपर्यंत जावा. मग ते खोकं त्या घरून पुढच्या मयताला जातं, तिथून त्याच्या पुढच्या. काही खोकी अशी आहेत की त्यांनी माझ्यापेक्षा जास्त मयतं पाहिली असतील. उघडत मात्र कोणी नाही. उघडलं तर पुढच्याला काय नेणार?

तोव्हिया कुटुंबाचा प्रमुख म्हणून सभेत बसतो. नियम त्यानंच मांडला. "लोकांच्या घरी पोरं उकडलेली केळी खाताहेत आणि मासळी पलंगाखाली गंजतेय. आणलेलं खोकं तिथल्या तिथं फोडायचं, शिजवायचं, सगळ्यांनी खायचं. आणि ज्याच्या घरी मयत झालं त्याच्या घरची खोकी आधी फोडायची."

शेवटचं वाक्य कुणासाठी आहे ते सभेतल्या कुत्र्यालासुद्धा समजलं.

मोएलांगीचा नवरा मोठा वक्ता होता, सभेत गावाच्या वतीनं बोलणारा मानाचा माणूस. तो गेला तेव्हा एवढी खोकी आली की सगळ्यांना वाटून झाल्यावरही तिच्या घरात एक चळत उरली, थेट वाशाला टेकलेली. तिचं घर आमच्या शेजारी, मध्ये फक्त एक नीरफणसाचं झाड. पलीकडे शाळा. आमची घरं खांबांची, भिंती नसलेली. आडोसा म्हणून तिनं पडदे लावले होते, पिवळे, त्यावर तांबडी जास्वंदी. तेही त्या वर्षाच्या सुरुवातीलाच तिनं काढून टाकले.

"अगं, पडदे कुठं गेले?" मी विचारलं होतं.

"वारा फुकटचा आहे, त्याला कापड लावून अडवायचं कशाला? साधं राहायचं ठरलंय ना आपलं?"

पडदे गेल्यावर ती चळत रस्त्यावरून दिसायला लागली. मग काय! "म्हातारी मासळीच्या डोंगरावर बसलीय आणि एक डबा सुटत नाही हातून." "ऑकलंडचा मुलगा पाठवतोय, आई रचतेय." तोव्हिया तर म्हणायचा, "मेल्यावर बरोबर न्यायला बोट ठरवलीय का विचार तिला." मी विचारलं नाही, पण हसले. तिच्याही कानावर जात असणार. ती कधी काही बोलली नाही.

माझं म्हणाल, तर साधेपणात मी गावात पहिली होते. साखर बंद, गवती चहा बिनसाखरेचा. पाव बंद. कपडे नारळाच्या तेलाच्या घरगुती साबणानं. बसचं भाडं नको म्हणून बाजाराला पायी. आणि माझी सगळ्यांत मोठी कमाई म्हणजे मुलांची भूक. वाइओला आणि सेमू शाळेतून यायची, मी ताट वाढायची, दोघं दोन घास खाऊन उठायची. "पोट भरलंय, आई." महिला मंडळात मी सांगितलंसुद्धा, "भूक म्हणजे नुसती सवय असते गं. मी हळूहळू मोडली." बायका माना डोलवत होत्या. एकीनं विचारलं, कशी मोडलीस, आम्हालाही सांग. मी चांगलं समजावून सांगितलं. मोएलांगी शेजारीच बसून चटई विणत होती. तिनं मान वर केली नाही.

मयत शनिवारी ठरलं. शुक्रवारी दुपारी मी पलंगाखालून आमचं खोकं ओढलं. घरात ते एकच होतं. काही महिन्यांपूर्वी सासूबाई गेल्या तेव्हा मोएलांगीनंच आणलेलं. आठवतं मला, पोरांना हात लावू दिला नव्हता, स्वतःच्या खांद्यावरून आणलं आणि आउकुसोच्या पायाशी ठेवलं होतं. आता तेच तिच्याकडे परत जाणार होतं. मला थोडं हसूही आलं.

पण या वेळी ते सगळ्यांसमोर फोडायचं होतं. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत डबे गंजतात, फुगतात. ऐन पुकाऱ्यात फुगलेला डबा निघाला आणि वास सुटला तर तोव्हियाचं तोंड पाहवणार नाही, म्हणून आधी बघून घ्यावं असं ठरवलं. सुरीनं चिकटपट्टी कापली.

वर पुठ्ठा होता. पुठ्ठ्याखाली पिवळं कापड. कापडावर तांबडी जास्वंद.

मी एक गाठोडं उचललं. डब्याएवढं, डब्याच्याच वजनाचं. सोडलं तर आत दगड. समुद्रावरचा काळा, गुळगुळीत दगड. दुसरं सोडलं. दगड. तिसरं, चौथं. प्रत्येक दगडाला पडद्याची पट्टी घट्ट गुंडाळलेली, टाके घातलेली. खुळखुळू नये म्हणून.

 मी जमिनीवर बसले आणि मांडीवर तो दगड तसाच राहिला. डोक्यात एकच येत होतं, सासूबाईंच्या मयताला तिनं दगड आणले. माझ्या शेजारणीनं. आणि आउकुसोनं त्याचा पुकारा केला, आम्ही हात जोडून घेतलं.

तेवढ्यात मुलं आली. शाळा लवकर सुटली होती. वाइओला दप्तर टाकून जवळ आली, वाकली आणि चेहरा उजळला तिचा.

"अगं, हा माझा!"

"काय तुझा?"

"हा दगड. बघ, कडेला पांढरी रेघ आहे. हा मी आणला होता. आणि तो चपटा सेमूचा. आजीनं चपटा नको म्हटलं होतं, तरी घेतला."

"कोणत्या आजीनं?"

"मोए आजीनं. शाळा सुटली की आम्ही जायचो ना. डब्याएवढा दगड आणायचा, ना मोठा ना लहान, आणि मग जेवायचं. जो सगळ्यांत छान दगड आणेल त्याला आधी वाढायची." ती थबकली. "सांगायचं नव्हतं हे."

"काय वाढायची?"

"मासळी. डब्यातली. केळ्याबरोबर."

  सेमू माझ्या तोंडाकडे बघून घाबरला.

"आई, आम्ही मागितलं नव्हतं. तीच हाक मारायची. सगळ्यांनाच."

"आणि मला का नाही सांगितलं?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी वाइओलाच म्हणाली, "ती म्हणाली, तुमच्या आईला वाटतंय की तिला साधं राहणं फार छान जमलंय. वाटू द्या."

तोव्हिया मागच्या अंगणात कुदळ धूत होता. मी हाक मारली, तर आधी त्याला वाटलं साप निघाला. खोक्यात पाहिलं आणि मानेपासून कानापर्यंत लाल झाला.

"माझ्या आईला? माझ्या आईच्या मयताला दगड?"

"हळू."

"हळू काय? उद्या सगळ्या गावासमोर हे खोकं मी तिच्या..."

"तोव्हिया, मासळी तुझ्या मुलांनी खाल्ली."

त्याला समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं. मग मुलांनी सांगितलं. तो एकदा सेमूकडे बघे, एकदा दगडाकडे. उभा होता तो हळूहळू खांबाला टेकून खाली बसला.

"रोज?" त्यानं विचारलं.

"शाळा असेल तेव्हा," सेमू म्हणाला. "रविवारी नाही."

 मग माझी नजर नीरफणसाच्या पलीकडे गेली आणि मी दचकले. तिथं ती चळत उभी होती. वाशाला टेकलेली, सगळ्या जगाला दिसणारी. तोव्हियानंही तिकडेच पाहिलं. आमच्या दोघांच्या मनात एकदमच आलं असणार, कारण तो म्हणाला, "नाही. सगळीच कशी असतील?"

उद्या ती खोकी फोडायची होती. मयताच्या घरची आधी. नियमच होता तसा. गाव जमेल, आउकुसो पुकारा करील, पोरं चळत उतरवतील, आणि मोएलांगीच्या नावानं जे निघेल ते निघेल. मेलेल्या बाईला काय सांगता येतं?

मी धावतच तिच्या घरी गेले. तिची मुलगी तेलेसिया सकाळीच राजधानीहून, आपियाहून, आली होती, चटया अंथरत होती. डोळे सुजलेले. तिला मागच्या बाजूला घेतलं आणि कानात सांगितलं. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू शोकानं माझंच डोकं फिरलंय.

"फुआतिनो, उचलून तरी बघ. केवढी जड आहेत."

"फोड एक."

आम्ही मागच्या रांगेतलं एक खोकं ओढलं. पिवळं कापड. तांबडी जास्वंद. तेलेसियानं दुसरं ओढलं, मग तिसरं. तिसऱ्यात वर चार डबे खरे होते आणि खाली दगड. तेवढेच चार. बाकीच्यांत काय असणार ते आता उघडच होतं.

"मी फोन करायचे," तेलेसिया म्हणाली. आवाज अगदी साधा होता, त्याचीच मला भीती वाटली. "विचारायचे, आई, ऑकलंडला आपल्या पेनिआमिनाला काम नाही, मलाही अर्धाच पगार मिळतोय, तुझं कसं चाललंय? ती म्हणायची, घरात एवढी खोकी आहेत, मला काय कमी आहे?"

"अगं, आम्हालाही..."

"मग ती काय खात होती?"

 वर्षभरात मोएलांगी किती वाळली ते मला दिसत होतं. तिचा झगा तिच्याभोवती फिरायला लागला होता. "डॉक्टरनं साखर सांगितलीय, खाणं कमी केलंय," ती म्हणायची, आणि मी तिला शाबासकी दिली होती. हो, शाबासकी. म्हटलं होतं, बघ, साधं खाल्लं की तब्येत कशी हलकी होते.

"काकाची गाडी मागवते," तेलेसिया डोळे पुसत म्हणाली. "रात्रीतून सगळं उचलून नेऊ. उद्या सांगेन, मी आपियाच्या दुकानात विकली. लोभी मुलगी म्हणतील, म्हणू देत. आईला नको म्हणायला."

"चालेल," मी म्हटलं. खरंच वाटलं चालेल. मागे वळले तर तोव्हिया खांबाशी उभा. किती ऐकलं कोण जाणे. तो तसाच निघून गेला.

गाडी आली, पण उपयोग झाला नाही. संध्याकाळपासून माणसं यायला लागली. बायका भजनं म्हणत चारी बाजूंनी बसल्या, उजाडेपर्यंत हलल्या नाहीत. भिंत नाही, पडदा नाही. त्या घरातून एक सुई न्यायची म्हटली तरी सगळ्यांनी पाहिली असती.

शनिवारी चर्च झालं. घरासमोरच्या अंगणात खड्डा खणला होता, मोएलांगीला तिच्या नवऱ्याशेजारी ठेवलं. ऑकलंडहून येता न आलेला पेनिआमिना फोनच्या पडद्यावर होता. कुणीतरी फोन नारळाच्या करवंटीत उभा केला होता आणि त्यातून त्याचं रडणं ऐकू येत होतं. मग आउकुसो काठी टेकून उभा राहिला आणि पुकारे सुरू झाले. अमक्याकडून चटई. तमक्याकडून चटई आणि खोकं. आमचं नाव आलं तेव्हा तोव्हियानं फक्त चटई पुढे केली. आउकुसोनं भुवया वर केल्या, बायकांच्या माना एकमेकींकडे झुकल्या. तोव्हियाच्या घरचं खोकं नाही? नियम करणाऱ्याच्या घरचं?

"आता नियमाप्रमाणे," आउकुसो ओरडला, "या घरची खोकी आधी! उतरवा रे!"

दोन तरणे चळतीकडे निघाले. मी तेलेसियाचा हात धरला.  आता काय ते होणारच होतं.

"थांबा," तोव्हिया म्हणाला.

तो उठून मधे आला. मी इतक्या वर्षांत त्याला सभेत बोलताना पाहिलंय. छाती पुढे काढून, शब्द तोलून बोलतो. त्या दिवशी तसं काही नव्हतं. खांदे पडलेले, नजर जमिनीवर.

"ती खोकी फोडून झालीत," तो म्हणाला. "मागेच. त्यातली मासळी माझ्या मुलांनी खाल्ली."

त्यांना काही कळलंच नव्हतं.

"मी कुटुंबप्रमुख. माझी मुलं शेजारणीच्या घरी जेवत होती, मला माहीत नव्हतं. मी तिच्यावर विनोद करत होतो." तो थांबला.  "आता माझ्याकडे बघू नका. या घरी कोण कोण जेवलंय? पोरांनो, उभं राहा. रागावणार नाही कोणी."

आधी वाइओला उठली. मग सेमू. मग चर्चच्या पाळकांचा धाकटा. मग त्यांच्यामागून एकेक, घाबरत, आयांकडे बघत. आणि मग अर्धी शाळा उभी होती. सगळ्यांत शेवटी आउकुसोची नात लुसिया, त्याच्याच पायापाशी बसलेली, काठीला धरून उठली.

आयांच्या चेहऱ्यांकडे पाहवत नव्हतं. "तू?" एक जण मुलाला म्हणाली. "तूसुद्धा?" दुसरी तोंडावर हात ठेवून बसली होती. ती तीच, जिनं मला विचारलं होतं की भूक मोडायची कशी.

"खोक्यांत आता दगड आहेत," तोव्हिया म्हणाला. "आपल्याच पोरांनी वेचलेले. एक तिनं माझ्या आईसाठीही आणलं होतं. तो नियम मी आणला होता. ती तो आधीपासूनच पाळत होती." मग तो आउकुसोकडे वळला. "पुकारा कर."

आउकुसोचं तोंड उघडलं, आवाज आला नाही. त्या माणसाचा आवाज कधी बसलेला मी पाहिला नव्हता. त्यानं काठी दोन्ही हातांनी धरली.

"मोएलांगीच्या घरची खोकी," तो म्हणाला, पुकारा कसला, कुजबुजच ती, "गावाला पोचली."

फोनमधून पेनिआमिना विचारत होता, काय झालं, कोणी सांगा ना, काय झालं? 

मुलांनी खोकी फोडली. एकेक गाठोडं सोडून दगड थडग्यावर लावत गेली, आणि मधेच कोणीतरी ओरडे, "हा माझा! हा माझा!" मग आठवे की इथं ओरडायचं नसतं. पडद्याच्या पट्ट्या तेलेसियानं ओटीत गोळा केल्या. ते चार खरे डबे आउकुसोनं स्वतः फोडले. लोकांनी आणलेली खोकी फोडायचं त्या दिवशी कोणाला सुचलंच नाही, आणि एवढ्या माणसांत प्रत्येकाच्या वाट्याला बोटभरही मासळी आली नाही. अळूचे कंद, नीरफणस, नारळाचं दूध होतं, तेच खाल्लं. 

सोमवारी मुलं शाळेतून आली. मी नेहमीसारखी दोन ताटं वाढली, नेहमीएवढीच. सेमूनं खाल्लं आणि भांड्याकडे पाहिलं.

"अजून आहे?"

मी वाढलं. वाइओलानंही ताट पुढे केलं. पुन्हा वाढलं, पुन्हा संपलं. रात्रीचंही त्यातच गेलं. भांड्याच्या तळाशी डाव खरडला. माझ्या मुलांची भूक ही एवढी होती. वर्षभर ती शेजारच्या घरी जात होती आणि मी ती मोडली म्हणून मिरवत होते.

नीरफणस पाडायचा बांबू घेतला आणि बाहेर आले, तर खांबाशी लुसिया उभी. आउकुसोची नात. दप्तर पाठीला, केस विस्कटलेले.

"काय गं?"

तिनं हात पुढे केला. हातात एक दगड होता. काळा, गुळगुळीत, बरोब्बर डब्याएवढा.